उपटलेलं पऱ्हं

आमच्या भागात आषाढ लागला की धानाचे पऱ्हे उपटायची घाई होते. मुठीमुठीने उपटायचे, मुळांची माती पाण्यात झटकायची, पेंड्या बांधायच्या आणि पलीकडच्या बांधीत नेऊन रोवायचे. चार दिवस ते पिवळे पडतात, माना टाकतात. मग नव्या चिखलात मूळ धरतात आणि आधीपेक्षा जोमाने वाढतात. सौंदडला एका पानठेल्यासमोरच्या बाकड्यावर बसलेल्या काकांना मी विचारलं, बिडी सुटली का? ते म्हणाले, "बिडी तं कवाचीच सोडलो जी. आता बस खर्रा." आणि त्यांनी खिशातून पन्नी काढली. पऱ्हं उपटलं होतं, बांधी बदलली होती. या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा पहिल्यांदा तेच बाकडं डोळ्यांसमोर आलं.

धूम्रपान सोडण्यावरची पुस्तकं मराठीत नवी नाहीत. पण बहुतेकांत सोडणारा माणूस फार स्वच्छ असतो. त्याला एकच व्यसन असतं, ते एका पाकिटात मावतं आणि निश्चयाच्या दिवशी तो ते पाकीट खिडकीबाहेर भिरकावतो. प्रत्यक्षात बिडी सोडणाऱ्याच्या दुसऱ्या खिशात खर्रा असतो, रात्री मित्रांच्या बैठकीत चिलीम फिरते आणि पुण्याहून सुट्टीत आलेल्या पुतण्याच्या बॅगेत वेप असतो. असा माणूस सिगारेट सोडतो तेव्हा नेमकं काय सोडतो, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

सौंदड हे सडक अर्जुनी तालुक्यातलं गाव. जिल्हा गोंदिया, १ मे १९९९ च्या आधी भंडारा. नागपूर-रायपूर महामार्गाचा आजचा क्रमांक ५३ असला तरी जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून सहा नंबरच आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वे इथून जाते. भोवती धानाच्या बांध्या, त्यापलीकडे नवेगाव आणि नागझिऱ्याचं जंगल. धुराच्या इतक्या तऱ्हा एका पंचक्रोशीत कशा जमल्या, हे या नकाशावरूनच उमगतं. जंगलाने तेंदूचं पान दिलं. रस्त्याने आणि रेल्वेने बाकीचं आणलं.

बिडी इथे परकी नाही. १८९९ च्या दुष्काळात गुजरातेतून बाहेर पडलेल्या काही कुटुंबांनी मध्य प्रांतात, जबलपूरच्या बाजूला, तेंदूचं पान हेरलं. ते न फाटता वळतं, सुकल्यावरही टिकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिडीचे छाप नोंदले जाऊ लागले आणि पुढे गोंदिया-भंडारा ही या धंद्याची मोठी ठाणी झाली. गोंदियाचे मनोहरभाई पटेल बिडीच्या धंद्यात मोठे झाले आणि त्यांनी या मागास जिल्ह्यात शाळा-कॉलेजं उभी केली. अजूनही उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन पान तोडायचं, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, हा कित्येक घरांचा वर्षातला रोख पैशाचा हंगाम आहे. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा वनहक्क कायद्याच्या बळावर तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या आणि ठेकेदाराच्या हातातली किल्ली थोडी सैल झाली. ज्या घरात आजोबांना बिडीचा खोकला आहे, त्याच घरात तेंदूच्या पैशातून नातीची वह्या-पुस्तकं येतात. हे ध्यानात न घेता इथे बिडीविरुद्ध भाषण केलं तर लोक ऐकून घेतात, चहा पाजतात आणि पाठवून देतात.

बिडी आपली, गावठी, म्हणून ती सौम्य, ही समजूत मात्र मोडायलाच हवी. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बराच कमी असतो हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं, बिडी विझू नये म्हणून झुरके लवकर-लवकर आणि खोल घ्यावे लागतात, आणि एवढ्याशा तंबाखूतून डांबर आणि निकोटीन सिगारेटइतकं किंवा तिच्याहून जास्त छातीत उतरतं.

आता खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगायचं तर कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एका प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला घोटून देतो, तो खर्रा. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के निघाले. एवढंच वाचलं तर पेढे वाटावेत. त्याच तक्त्यात तंबाखू खाणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के आहेत. धूर न करता तंबाखू घेण्यात आपलं राज्य पुढे आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाने पाश्चात्त्य पुस्तक वाचून लिहिलेला ‘धूम्रपान सोडा’ हा सल्ला इथे पोचेपर्यंत त्याचा अर्थ ‘खर्ऱ्यावर या’ असा होऊन बसतो. बायकांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी आडून चालते. छत्तीसगडच्या शेजारामुळे या पट्ट्यात गुडाखू आहे, गुळाच्या काकवीत मळलेला तंबाखू. तो दात घासण्याच्या नावाखाली सकाळ-दुपार लावला जातो. तो लावणारी बाई स्वतःला तंबाखूवाली म्हणत नाही.

इथे कुणी स्वीडनचं उदाहरण देतं. स्वीडिश पुरुष सिगारेटऐवजी ओठाखाली स्नूस हा तंबाखू ठेवतात आणि त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण युरोपात अगदी खालच्या पातळीवर आहे. मग खर्ऱ्याने काय बिघडलं? बिघडतं ते असं, की स्नूसमध्ये सुपारी नसते. सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरवलं आहे. तिच्यामुळे गालांच्या आतली कातडी ताठर होत जाते, तिखट असह्य लागू लागतं आणि हळूहळू तोंडात स्वतःची तीन बोटंही उभी मावत नाहीत. जगात तोंडाचा कर्करोग होणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण भारतात आहेत. बिडीवरून खर्ऱ्यावर गेलेला माणूस फुप्फुसावरचं कर्ज थोडं हलकं करतो आणि ते तोंडाच्या नावावर चढवतो. शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं, तेव्हा दारूच्या बरोबरीने खर्ऱ्याला लक्ष्य केलं. त्याचं कारण हेच.

गांजाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. पण तो नवा नाही. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांजा-चरसची देशभर चौकशी करायला आयोग नेमला होता. मध्य प्रांतात त्या काळी गांजाची परवानाधारक लागवड खंडव्याकडे व्हायची आणि सरकारी गुदामांतून तो विकला जायचा. आयोगाने मध्यम वापराला फारसं अपायकारक मानलं नाही आणि बंदी सुचवली नाही. ती पुढे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने आली. या कायद्याच्या व्याख्येत झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग त्यातून निसटली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात मागच्या वर्षभरात भांग किंवा गांजा-चरस घेतलेले २.८ टक्के लोक निघाले, म्हणजे सुमारे ३.१ कोटी. ‘भोलेनाथाची बुटी’ म्हटलं की तिला पावित्र्याचं पांघरूण मिळतं आणि ‘बिडी सोडली’ या वाक्याशी तिचा काही संबंध आहे हे कुणाच्या मनात येत नाही.

संबंध अगदी सरळ आहे. आपल्याकडे चिलमीत गांजा एकटा क्वचित जातो. तंबाखूत मिसळूनच जातो. सिगारेटमधला तंबाखू थोडा काढून त्यात गांजा भरणारी पोरंही तेच करतात. दिवसाची बिडी थांबवून रात्री एकदा चिलीम ओढणाऱ्याला निकोटीनची रोजची सलामी मिळतच राहते. मेंदूला ती कुठल्या नळीतून आली याच्याशी देणंघेणं नसतं.

त्यातून एक घोळ होतो, आणि या पुस्तकातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं प्रकरण त्याच्यावर आहे. निकोटीन थांबलं की चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड सुरू होते. पहिला आठवडा अवघड, तीन-चार आठवड्यांत जोर ओसरतो. गांजा थांबला की चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड होते, भूक मरते आणि एकाएकी भडक, जिवंत स्वप्नं पडू लागतात. दोन्हींची यादी इतकी सारखी आहे की माणूस एकाचा त्रास दुसऱ्याच्या नावावर मांडतो. बिडी सोडल्याच्या तिसऱ्या रात्री झोप येत नाही म्हणून तो चिलीम ओढतो, चिलमीतल्या तंबाखूने बिडीची तलफ जागी होते, सकाळी तो बिडी पेटवतो आणि म्हणतो, आपल्याच्याने होत नाही. भरीला चहा. तंबाखूच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफीन झपाट्याने निकालात काढतं. धूर थांबला की तेवढाच चहा अंगात जवळपास दुप्पट भिनतो. बिडीची जागा भरायला दिवसात चार कप वाढवणारा माणूस रात्री छातीत धडधड होते म्हणून घाबरतो आणि समजतो, बिडी सोडल्याने शरीर बिघडलं.

वेपची गोष्ट वयाने लहान, गाजावाजाने मोठी. चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ साली आजच्या ई-सिगारेटचा नमुना बनवला. स्वतः धूम्रपान करणारे होते, वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. पण विचार त्याच्याही आधीचा. लंडनचे मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच म्हटलं होतं, की माणूस निकोटीनसाठी ओढतो आणि मरतो तो डांबराने. म्हणजे निकोटीन ठेवून जळणं काढलं तर जीव वाचतील. स्वीडनमध्ये त्याच काळात निकोटीनचं च्युइंगम तयार होत होतं. ई-सिगारेट या विचाराची पुढची पायरी. ब्रिटनने ती उचलून धरली. २०१९ मध्ये तिथल्या एका मोठ्या चाचणीत ८८६ जणांपैकी काहींना ई-सिगारेट, काहींना निकोटीनच्या गम-पट्ट्या दिल्या. वर्षाअखेर ई-सिगारेटवाल्यांत १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. यश दुपटीच्या जवळ. पण ई-सिगारेटच्या साह्याने सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. गम-पट्ट्यांनी सुटलेल्यांत आपली साधनं वापरणारे ९ टक्केच. पऱ्हं रोवलं गेलं होतं. इंग्रज म्हणतात, असू दे, ही बांधी बरी आहे. त्यांच्या देशात, तपासलेल्या द्रवासह आणि डॉक्टरच्या नजरेखाली, कदाचित असेलही.

त्याच २०१९ मध्ये अमेरिकेत तरुणांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले, ६८ मरण पावले. मुख्य कारण निघालं ते गांजाचा अर्क भरलेल्या, चोरट्या बाजारातल्या काड्यांमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. वेप आणि गांजा एका नळीत आले की काय होतं याचा हा धडा. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून आणि वर्षाअखेर कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद केलं. विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. तरीही नागपूर-पुण्याच्या वसतिगृहांत फळांच्या वासाच्या काड्या मिळतातच. त्यात निकोटीन किती, आणखी काय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून मला ब्रिटनचा निष्कर्ष सौंदडच्या बसमध्ये बसवून आणता येत नाही. पुस्तकाचे लेखक माझ्यापेक्षा वेपबद्दल थोडे मवाळ आहेत. पंधरा वर्षं सिगारेट ओढून वेपवर आलेल्या माणसाला आधी शाबासकी द्यावी, मग पुढचं बोलावं, असं त्यांचं म्हणणं. बोलण्याच्या पद्धतीपुरतं ते मला पटतं.

सोडण्याच्या परंपराही एकाहून अधिक आहेत. आपली जुनी परंपरा शपथेची. गाडगेबाबांचं कीर्तन, तुकडोजी महाराजांची खंजिरी, गळ्यात माळ, देवापुढे नारळ. ती आजही काम करते, कारण शपथ चारचौघांत घेतलेली असते आणि मोडली तर गाव पाहतं. तिची खोट एकच. शपथ नावाने घेतली जाते. ‘बिडी’ची घेतली तर खर्रा मोकळा, दारूची माळ घातलेले कित्येक जण तंबाखू मळताना मी पाहिले आहेत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. दुसरी परंपरा दवाखान्याची. संशोधक डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. पुढे ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं मागोवा घेऊन डॉल यांच्या चमूने २००४ मध्ये हिशोब मांडला: साठाव्या वर्षी सोडली तर तीन वर्षं आयुष्य मिळतं, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळीसाव्या वर्षी नऊ, तिसाव्या वर्षी दहा. निकोटीनचा गम भारतात २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीविना मिळतो आणि २०२२ पासून आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. गमही पर्यायच आहे, हे खरं. पण त्याला मात्रा आहे, उतरण आहे आणि संपण्याची तारीख आहे. खर्ऱ्याला यातलं काहीच नाही.

तिसरी परंपरा सोबतीची. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं ते गर्दच्या विळख्यातल्या मुलांसाठी. तिथे व्यसनाला पदार्थाच्या नावावरून वेगवेगळ्या खोल्यांत न टाकता माणूस म्हणून हाताळायची दृष्टी घडत गेली. मला वाटतं बिडी-खर्रा-गांजाच्या गोतावळ्याला तीच लागू पडते. ‘कमी केली’ हा चौथा मार्ग म्हणावा का, याबद्दल मला शंका आहे. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नव्हे. आमच्याकडे ‘अख्खा कट्टा होता, आता चारवर आलो’ हे अभिमानाने सांगतात. पहिली पायरी म्हणून ठीक. घर म्हणून नाही.

मी स्वतः सिगारेट सोडली तेव्हा तीन वर्षं लवंग-वेलदोड्याच्या डबीत तंबाखू बाळगला आणि घरच्यांकडून कौतुक करून घेतलं. डबी माझ्या मुलीने उघडली. म्हणून या पुस्तकातल्या लबाड्या मला ओळखीच्या वाटतात.

हे पुस्तक आत्ताच का, असं कुणी विचारेल. एकतर या विषयातले धोके एकमेकांत मिसळू लागले आहेत. आजोबांची बिडी, बापाचा खर्रा आणि नातवाचा वेप एकाच ओसरीवर आहेत. दुसरं, कायद्याच्या भीतीने लोक खरं बोलत नाहीत. गांजा ओढल्याबद्दल कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून ओढणारा डॉक्टरपुढे गप्प राहतो. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्याच्या ६४ अ कलमाने खटल्यातून सूट दिली आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. लेखकांनी आशा ताई, शिक्षक आणि घरातली मंडळी यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. त्यांची मुख्य कृती अगदी साधी आहे. ‘बिडी सोडली का?’ असं विचारायचं नाही. पहाटेपासून झोपेपर्यंत तोंडात, नाकात, दाताला काय काय जातं, ते वेळेसह वहीत लिहायला लावायचं, आठवडाभर, न रागावता. वही भरली की पऱ्हं कुठे रोवलंय ते दिसतं. दोन व्यसनं एकदम सोडावीत की एकामागून एक, यावर जाणकारांत दुमत आहे. लेखक हटवादी नाहीत. एक सोडताना दुसरं वाढतंय का, एवढ्यावर ते नजर ठेवायला सांगतात. निवेदनं अनेकांची आहेत, नावं बदललेली. काही अर्धवट आहेत, आणि ती तशीच ठेवली याचं मला बरं वाटलं. झाडीबोलीतली वाक्यं प्रमाण भाषेत न ओढता छापली आहेत. शहरी वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत.

शेवटी एक गोष्ट, जी हस्तलिखित वाचता वाचता माझ्या लक्षात आली. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो आणि २०१८ पासून त्यावर तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांकही छापतात. बिडीच्या कट्ट्यावर तो असतो, सिगारेटच्या पाकिटावर असतो. पानठेल्यावर घोटलेल्या खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं. गांजाच्या पुडीवर नसतं. चोरट्या वेपवर असलीच तर चिनी अक्षरं असतात. म्हणजे ज्या दिवशी सौंदडचे ते काका बिडी सोडून खर्ऱ्यावर आले, त्याच दिवशी तो क्रमांकही त्यांच्या हातून सुटला. म्हणून लेखकांना सांगून तो मागच्या पुठ्ठ्यावर ठळक छापून घेतला आहे: १८००-११-२३५६. फोन लावल्यावर पलीकडून तंबाखूबद्दल विचारतील. आपण खर्ऱ्याचं, चिलमीचं, सगळंच सांगावं.